निदान वेळेवर व्हावे : गोठ्यात आणि घरातही



या अंकात खोडव्याच्या निगेवर लिहायचे आम्ही ठरवले होते. तो विषय पुढच्या अंकात घेऊ. आपल्याच कार्यक्षेत्रात अलीकडे दोन गोष्टी अशा घडल्या, की त्या आधी सांगितल्याशिवाय राहवत नाही. एक गोठ्यातली आहे, दुसरी काट्यावरची.

पहिली गंगापूर तालुक्यातली. डिसेंबरचा महिना, गाळप ऐन जोरात. आपल्या एका सभासदाच्या वस्तीवर सकाळी धारेला गेलेल्या घरधनिणीला दावणीला दोन वासरे मरून पडलेली दिसली. एक दीड महिन्याचे, दुसरे तीन महिन्यांचे. आदल्या संध्याकाळी दोन्ही पिऊन उड्या मारत होती. अंगावर जखम नाही, पोट फुगलेले नाही. माणसे जमली. कोणी म्हणाले, पान लागले असेल. कोणी म्हणाले, थोरल्याने काही विषारी खाल्ले असेल. पण मग नुसत्या दुधावरचे धाकटे कसे गेले? एका म्हाताऱ्याने तर आठवडाभरात गोठ्यात कोण कोण येऊन गेले त्याची यादीच सुरू केली. तोडीच्या कार्यक्रमासाठी गेलेले आमचे फिल्डमन तिथे होते. त्यांनी पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन लावला आणि आम्हालाही कळवले, म्हणून पुढचे सारे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

डॉक्टर आले, पण त्यांनी लगेच सुरी लावली नाही. आधी कानाच्या शिरेतले थेंबभर रक्त काचपट्टीवर पसरून ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी दवाखान्यात पाठवली. अचानक मेलेले जनावर फाशीने, म्हणजे काळपुळीने गेलेले असू शकते. ते उघडले तर रोगाचे बीज जमिनीत वर्षानुवर्षे राहते आणि कापणाऱ्या माणसालाही धोका असतो. नाका-गुदद्वारातून न गोठलेले काळे रक्त येत असेल, तर अशा जनावराला हात लावू नये आणि कातडेही काढू नये. पट्टी स्वच्छ असल्याचा निरोप आल्यावरच त्यांनी वासरू उघडले.

पोट-आतडी ठीक होती. हृदय बाहेर काढून चिरले, आणि आम्ही सगळे पुढे वाकलो. निरोगी हृदयाचे मांस एकसारखे गडद लाल असते. यावर राखट-पिवळसर पट्टे उमटले होते.

“हे बघा, वाघाचे पट्टे,” डॉक्टर म्हणाले. “आमच्या पुस्तकात याला टायगर हार्ट म्हणतात. लाळ्या-खुरकुताचा विषाणू हृदयाच्या स्नायूवर बसलाय.”

“पण साहेब, वासरांच्या तोंडात एक फोड नाही!”

“तिथंच तर माणूस फसतो. मोठ्या जनावराला तोंडात-खुरात फोड येतात. लहान वासराला फोड यायच्या आतच हृदय बंद पडतं.”

मग उलट तपासणी सुरू झाली. थोरल्या वासराची आई दोन दिवसांपासून वैरण कमी खात होती, तोंडाला तार लागली होती. घरच्यांनी ‘तोंड आलंय’ म्हणून हळद-तूप लावले होते. बांधापलीकडे ऊसतोड टोळीच्या कोप्या होत्या. त्यातल्या एका टायरगाडीचा बैल आठवड्यापूर्वी लंगडत होता. ‘काटा रुतला’ म्हणून दोन दिवस जोखडाला न लावता बांधून ठेवला होता. तो बैल आणि वस्तीवरच्या गायी एकाच हाळावर पाणी पीत. टोळीवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. बैल लंगडा पडला की त्याची गाडी बसते आणि उचल अंगावर राहते. त्याला ठाऊक असते तर तो सर्वांत आधी दवाखान्यात धावला असता.

आता हा रोग ओळखतात कसा, ते पाहू. लाळ्या-खुरकूत अगदी सूक्ष्म विषाणूमुळे होतो. १८९८ साली लोफलर आणि फ्रॉश या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवले, की जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही या रोगाचे बीज आरपार जाते. जनावरांच्या रोगांत विषाणूचा असा पहिला पत्ता याच रोगाने लागला. म्हणजे आपल्या गोठ्यातल्या रोगाने विज्ञानाला वाट दाखवली असे म्हणायला हरकत नाही. या विषाणूचे जगात सात प्रकार आहेत. आपल्याकडे ओ, ए आणि आशिया-१ हे तीन आढळतात, आणि त्यातही ओ जास्त. एका प्रकाराविरुद्ध आलेली ताकद दुसऱ्या प्रकाराला उपयोगी पडत नाही. म्हणून ‘लाळ्या आलाय’ एवढे डोळ्यांनी ओळखून भागत नाही. कोणता आलाय हे प्रयोगशाळेलाच सांगता येते.

उसाचे घ्या ना. फड बघून ‘ऊस पक्व झाला’ असे आपण म्हणतो, पण उतारा ठरतो तो ब्रिक्स आणि पोल काढल्यावर. नमुन्याचा ऊस शिळा असेल तर पोलही खोटा निघतो, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. विषाणूच्या नमुन्याचेही तसेच असते. नुकत्या आलेल्या किंवा नुकत्या फुटलेल्या फोडाची साल घ्यावी लागते. ती ग्लिसरीन मिसळलेल्या खास द्रावणात ठेवून बर्फातून पाठवावी लागते. या विषाणूला आंबटपणा अजिबात सोसत नाही आणि उन्हाची झळही लागून चालत नाही. फोड बरा झाला की त्यातून काही मिळत नाही.

वस्तीवर नेमके इथेच अडले. डॉक्टर येणार म्हणून घरच्यांनी त्या गायीचे तोंड पोटॅशच्या पाण्याने स्वच्छ धुऊन, वर हळद लावून ठेवली होती. हेतू चांगला, पण नमुना गेला. नशिबाने शेजारच्या दावणीला दुसरी गाय त्याच सकाळी लाळ गाळू लागली होती. तिच्या जिभेवरचा ताजा फोड मिळाला. सोबत वासराच्या हृदयाचा एक तुकडा त्याच द्रावणात बर्फावर आणि दुसरा फॉर्मॅलिनमध्ये घेतला. फॉर्मॅलिनमधल्या तुकड्यातून विषाणू सापडत नाही; पण त्याचे पातळ काप करून रंग दिला, की स्नायूत कुठे सूज आली आणि कुठे तंतू मेले, ते दिसते.

पुण्याला औंधमध्ये पशुसंवर्धन खात्याची रोगनिदान प्रयोगशाळा आहे, नमुने तिकडे गेले. तिथे दोन कसोट्या महत्त्वाच्या. एकीचे नाव एलायझा. छोट्या-छोट्या खळग्यांच्या ताटलीत नमुना टाकतात, आणि ज्या प्रकाराचा विषाणू असेल त्या रांगेत रंग चढतो. दुसरी आरटी-पीसीआर. हे नाव आता कोणाला सांगायला नको. कोरोनात आपल्या सर्वांच्या नाकात काडी घालून झाली आहे. विषाणूच्या साखळीचा छोटासा तुकडा कित्येक पटींनी वाढवून ती ओळखते, म्हणून नमुन्यात विषाणू थोडा असला तरी सापडतो. देशात या एका रोगासाठी स्वतंत्र संस्था आहे. पूर्वी ती उत्तराखंडात मुक्तेश्वरला होती, आता ओडिशात भुवनेश्वरजवळ आहे. देशभरातल्या विषाणूंची वंशावळ तिथे ठेवतात आणि लसीतला वाण त्यांना लागू पडतो का हे तपासतात.

आपल्या वस्तीचे उत्तर आले ते ओ प्रकाराचे.

आणखी एक कसोटी सांगितली पाहिजे, कारण बाजारात जनावर घेताना तिचा संबंध येतो. रक्तात रोगाविरुद्धची द्रव्ये सापडली, तर ती लसीची की रोगाची? यावरही उपाय निघाला आहे. विषाणू जनावरात वाढतो तेव्हा काही जास्तीची प्रथिने तयार होतात. लस शुद्ध करताना ती काढून टाकतात. त्या प्रथिनांविरुद्धची द्रव्ये रक्तात निघाली, तर त्या जनावराला कधीतरी खरोखरीचा रोग होऊन गेला असे धरतात. बरे झालेले काही जनावर घशात महिनोन् महिने विषाणू बाळगते, म्हणून या माहितीला किंमत आहे.

वासरांचा प्रश्न मात्र कसोटीने सुटत नाही. सप्टेंबर २०१९ पासून केंद्र सरकारच्या कार्यक्रमात दर सहा महिन्यांनी ही लस फुकट टोचतात आणि कानात बारा आकडी बिल्ला मारतात. पण वासराला पहिली लस चौथ्या महिन्यात. तोवर त्याची ढाल म्हणजे आईचा चीक, आणि आईला लस नसेल तर त्या चिकात ती ढाल नसते. या वस्तीवरच्या गायींच्या कानात बिल्ले नव्हते. “लस दिली की दूध तुटतं,” असे घरच्यांनी सांगितले. दोन-चार दिवस थोडे दूध कमी होते, हे खरे आहे. आम्ही यापुढे काही बोललो नाही. दावणीला दोन रिकामे खुंटे होते.

इथे लम्पीची आठवण काढायला हवी. ऑगस्ट २०२२ मध्ये घाटाखाली जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यात लम्पी दिसली आणि बघता बघता आपल्याकडे आली. जनावरांचे बाजार बंद पडले, आणि कोणी कोणी भीतीपोटी दूधही प्यायचे सोडले. लम्पी माणसाला होत नाही. तिचे निदान लाळ्याच्या उलट वागते. रक्तातला विषाणू लवकर कमी होतो, पण गाठीवरच्या खपलीत तो महिनाभर आणि त्याहूनही जास्त टिकतो. म्हणून तिथे खपली आणि गाठीचा तुकडा घेतात. प्रत्येक रोगाचे बीज कुठे लपते आणि किती दिवस, हे ठाऊक असल्याशिवाय नमुना घेण्यात हशील नाही.

परतीच्या वाटेवर डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली, ती आमच्या मनात घर करून राहिली. लाळ्याने आजारी वासरांच्या रक्तात ट्रोपोनिन नावाचे प्रथिन वाढलेले सापडते. हृदयाचा स्नायू दुखावला की ते रक्तात झिरपते. “माणसाला हार्ट अटॅक आला की घाटीत जी तपासणी करतात, तीच ही,” ते म्हणाले. आम्ही गाडी बाजूला घ्यायला सांगून ते नाव वहीत टिपून घेतले. त्याचे कारण दुसऱ्या गोष्टीत आहे.

तीन वर्षांपूर्वी आपले एक सभासद रात्री ट्रॉली घेऊन काट्याच्या रांगेत होते. वय पन्नाशीच्या आत-बाहेर, व्यसन नाही, फक्त थोडी साखर. दोनच्या सुमारास छातीत जड वाटू लागले, घाम फुटला, डाव्या जबड्यात दुखू लागले. सोबत्यांनी सोडा पाजला. थोडे बरे वाटले. तरीही एकाने मोटारसायकलवर घालून जवळच्या दवाखान्यात नेले. ईसीजी काढला, तो नॉर्मल. डॉक्टरांनी सांगितले, थांबा, तासाभराने परत काढू, रक्तही तपासू. पण नंबर लागायला आला होता. “पट्टी नॉर्मल आहे म्हणता ना, मग झालं तर!” असे म्हणून ते काट्यावर परत आले. ट्रॉली मोकळी केली. पहाटे घरी गेले आणि उठले नाहीत. ती पट्टी त्यांच्या मुलाने आम्हाला दाखवली. अजून त्याने ती जपून ठेवली आहे.

गेल्या हंगामात जवळजवळ तेच दुसऱ्या सभासदाबाबत घडले. तोच काटा, तीच वेळ, पहिली पट्टी अशीच नॉर्मल. पण ते थांबले. अर्ध्या तासाने काढलेल्या दुसऱ्या ईसीजीत रेघ वर चढलेली दिसली. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन तिथेच सुरू झाले आणि १०८ च्या गाडीने ते संभाजीनगरला पोचले. आज ते गव्हाची रास घरी आणत आहेत.

मग पहिली पट्टी खोटी होती काय? नाही. ईसीजी म्हणजे हृदयातून वाहणाऱ्या विजेची रेघ. हॉलंडच्या आइंटहोवेन यांनी १९०३ च्या सुमारास हे यंत्र जगापुढे आणले. तेव्हा माणसाचे हात-पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यात बुडवून बसवावे लागे, आणि यंत्राचे वजन अडीच क्विंटलच्या वर! त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज हे यंत्र पिशवीत मावते. पण ते दाखवते त्या दहा सेकंदांचे चित्र. गुठळी अर्धवट अडकली असेल, किंवा हृदयाच्या मागच्या अंगाला असेल, तर त्या क्षणी रेघ सरळ निघू शकते. म्हणून छातीत दुखणारा माणूस आल्यापासून दहा मिनिटांत पहिला ईसीजी व्हावा, आणि दुखणे चालू असेल तर तो पुन्हा पुन्हा काढावा, असा डॉक्टरांचा जगभरचा शिरस्ता आहे.

ट्रोपोनिनचेही तसेच. जमिनीखाली पाइपलाइन फुटली तरी ओल वर यायला वेळ लागतो ना? स्नायू मरू लागला तरी साध्या तपासणीत ट्रोपोनिन दिसायला तीन ते सहा तास जातात. दुखू लागल्यावर अर्ध्या तासात रक्त दिले आणि ‘निगेटिव्ह’ आले, तर त्याचा अर्थ एवढाच, की अजून ओल वर आलेली नाही. नव्या, जास्त बारीक तपासण्यांत एक-दोन तासांच्या अंतराने दोनदा रक्त घेऊन आकडा चढतो का ते पाहतात. एकदा चढलेला आकडा आठवडाभर, कधी त्याहून जास्त टिकतो.

शिवाय ट्रोपोनिन वाढले म्हणजे गुठळीच, असेही नाही. वासराच्या हृदयाला जशी विषाणूने सूज आली, तशी माणसाच्याही येते. लाळ्या-खुरकुताच्या विषाणूच्या कुळातलाच कॉक्सॅकी नावाचा एक विषाणू आहे. तरण्याताठ्या पोरांच्या हृदयालाही तो सूज आणू शकतो. सर्दी-तापानंतर आठवड्याभरात धाप लागू लागली, छातीत धडधडू लागले, तर ते अंगावर काढू नये. तिथे ईसीजी, ट्रोपोनिन आणि टूडी-एको लागतो. एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. पंप किती जोराने पाणी फेकतो हे त्यात दिसते. नळीतच अडथळा आहे की काय, हे अँजिओग्राफीत कळते. आणि घोटाळा नको म्हणून सांगून ठेवतो, लाळ्या-खुरकूत जनावरापासून माणसाला होणे अतिशय विरळा, आणि झाला तरी सौम्य. लहान मुलांच्या हाता-पाया-तोंडात फोड येतात तो आजार वेगळ्या विषाणूचा, गोठ्याशी त्याचा संबंध नाही. मात्र आपल्या चपला-कपड्यांवरून विषाणू एका गोठ्यातून दुसऱ्यात जातो, एवढे लक्षात असू द्या.

माउलींबद्दल दोन शब्द. बायकांना आणि साखरेच्या रोग्यांना छातीत कळ येईलच असे नाही. दम लागणे, मळमळ, पाठीत किंवा जबड्यात दुखणे, एकाएकी गळून जाणे, एवढ्यावरच निभावते आणि ‘पित्त झालं’ म्हणून घरात पडून राहतात. खिशात जिभेखालची गोळी बाळगणारेही वाढले आहेत. ज्याला डॉक्टरने दिली त्याने ती त्याच्या सांगण्याप्रमाणे घ्यावी. शेजाऱ्याला देऊ नये, रक्तदाब एकदम खाली येऊन माणूस कोसळू शकतो.

आपल्या राज्यात २०२१ पासून ‘स्टेमी’ नावाच्या उपक्रमात काही जिल्ह्यांतल्या सरकारी दवाखान्यांतला ईसीजी दूर बसलेल्या तज्ज्ञाला लगेच पाठवण्याची सोय झाली. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीचा खर्च बसतो. रेशनकार्ड आणि आधार घरच्यांना सापडेल अशा जागी ठेवा. एकदा काढलेला ईसीजीही सातबाऱ्याच्या पिशवीतच ठेवा, कारण डॉक्टर जुनी रेघ नवीशी ताडून पाहतात.

माणसासाठी १०८, जनावरासाठी १९६२. हे दोन नंबर आम्ही आता काट्याच्या खोलीवर आणि सर्व गट ऑफिसांच्या भिंतींवर रंगवून घेत आहोत. गोठ्यात लाळ दिसली तर तोंड धुण्याआधी १९६२ लावा आणि ते जनावर हाळावर नेऊ नका. टोळी येण्याआधी पंधरा दिवस तरी गायी-बैलांची लस उरकलेली असावी. टोळीच्या मुकादमाला बैलांचे बिल्ले दाखवायला सांगण्यात कमीपणा नाही. आपले बिल्लेही त्याला दाखवावेत.

काट्याच्या रांगेबद्दल शेतकी विभागाशी आमचे बोलणे झाले आहे. रांगेतून कोणी दवाखान्यात गेले, तर त्याची ट्रॉली चिटबॉय पुढे घेईल, नंबर जाणार नाही, आणि वजनाची पावती दुसऱ्या दिवशी घरपोच येईल. दवाखान्यात ‘थोडं थांबा’ म्हणाले, तर खुशाल थांबा.